आम्ही नेमलेला माणूस

विमा कंपन्यांबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. हप्ता घेताना त्यांचे दात दिसतात आणि भरपाई द्यायची वेळ आली की पाठ दिसते. हे वाक्य आमच्या विमाग्राहक समितीच्या पत्रकात मीच लिहिलंय, ते तमिळमध्ये करून घेऊन वेस्ट मांबलमच्या निम्म्या दुकानांत वाटलंय, आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायचा माझा विचार नाही. तरीही आज ज्या माणसाबद्दल लिहायला बसलेय, तो जन्मभर या कंपन्या आणि त्यांच्याशी भांडणारे लोक यांच्या मधोमध बसला, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आणि रोज दुपारी घोरत झोपला.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. चेन्नईत वयस्कर माणसाला मामा म्हटलं की तमिळ लोकांनाही चालतं आणि मराठी लोकांनाही, त्यामुळे त्यांचं खरं नाव विचारायची वेळ फारशी कुणावर आलीच नाही. घराणं तंजावरकडचं. किती पिढ्यांपूर्वी तिथे गेले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मराठी बोलायचे ती अशी, की मी नगरची, माझा जन्म मराठीत गेलेला, पण पहिले काही दिवस मला त्यांचं निम्मंच कळलं. 'सगळं' म्हणायचं तिथे 'अस्की' म्हणायचे. निघताना 'जातो' कधी म्हणायचे नाहीत, 'जाऊन येतों'. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज तमिळसारखा वर न्यायचे, त्यामुळे साधी माहिती दिली तरी ते आपल्यालाच जाब विचारताहेत असं वाटायचं.

धंदा नुकसानीची किंमत ठरवण्याचा. आग लागली, पूर आला, छत कोसळलं की कंपनीचा सर्व्हेयर येतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा मान्य नसेल तर काय, हे बहुतेकांना माहीतच नसतं, आणि कंपनी ते आपणहून सांगत नाही. काही पॉलिसींत मात्र एक अट असते. नुकसान झालंय हे दोघांनाही कबूल असेल आणि वाद फक्त किती झालंय एवढाच असेल, तर दोन्ही बाजूंनी आपापला एक जाणकार नेमायचा. त्या दोघांनी मिळून तिसरा निवडायचा. तिघांपैकी दोघांचं जे जुळेल ते अखेरचं. कोर्ट नाही, तारखा नाहीत.

मी मामांकडे पहिल्यांदा गेले ते याच अटीसाठी. बरोबर आमचं पत्रक नेलं होतं. त्यांनी चष्मा चढवून ते सगळं वाचलं, पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चोर आहेत असं लिहिलंस. चोर असतील तर पोलिसांत जा की मा. माझ्याकडे कशाला? मी किंमतीचा माणूस."

मी म्हटलं, आम्हाला आमच्या बाजूने भांडणारा माणूस हवाय.

"नेमाल तर येईन. तुमच्या बाजूनं बसेन," मामा म्हणाले. "बोलेन मात्र वस्तूच्या बाजूनं."

मला हे वाक्य अजिबात आवडलं नव्हतं. गुळगुळीत वाक्यं बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचा मला तिटकारा आहे. पण या वाक्याप्रमाणे वागण्यासाठी हा माणूस कुठल्या थराला जातो, ते मामींनी चहा देता देता सांगितलं. कुणाच्या तरी घरात आग लागली होती, कपाटातले कपडे जळले नव्हते पण धुरात राहिले होते. कंपनीचं म्हणणं, धुऊन घ्या. मामांनी त्यातला एक शर्ट दोनदा धुऊन घेतला, अंगात घातला आणि सकाळच्या गर्दीत तांबरमच्या गाडीत जाऊन उभे राहिले. मांबलमपासून गिंडीपर्यंत त्यांच्या भोवतीचे लोक हळूहळू सरकले. सैदापेट्टला एका बाईंनी नाकाला पदर लावला. मामा घरी आले आणि त्यांनी लिहिलं, कपडे निकामी.

"आणि वेलच्चेरीची गादी?" मामी म्हणाल्या. पाण्यात भिजून वाळलेल्या कुणाच्या तरी गादीवर मामा एक दुपार झोपून आले होते. मालक म्हणत होता, गादी संपली. मामांना मस्त झोप लागली. त्यांनी गादी चांगली आहे असं लिहिलं, आणि मालक अजून रस्त्यात भेटला तर तोंड फिरवतो. मामींची तक्रार वेगळीच होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातच्या सांबाराला या माणसाने एकदाही नुसतं 'छान' म्हटलं नव्हतं. 'हिंगापर्यंत बरोबर आहे,' असं म्हणायचे.

मामांनी कंपन्यांकडूनही काम घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. आमच्या बैठकीत मी ते त्यांना तोंडावर विचारलं. म्हणाले, घेतलं, पुढेही घेईन, त्यांच्याकडे काय वस्तू नसतात? तेव्हा मी त्यांना नेमूच नये म्हणाले होते. पण जिच्या दाव्यासाठी मी त्यांच्याकडे गेले होते त्या सेल्वी अक्काला घाई होती, आणि मामा फी कमी घ्यायचे.

सेल्वी अक्काचं वेस्ट मांबलमच्या एका गल्लीत मावु कडै, म्हणजे इडली-डोशाच्या पिठाचं दुकान. नवरा नाही, दोन मुली कॉलेजात. ड्रममध्ये दगड फिरून पीठ वाटणारे सात मोठे टिल्टिंग ग्राइंडर. पाच जमिनीवर, दोन मागच्या उंच ओट्यावर. पाऊस झाला, गटारं उलटी वाहिली, दुकानात कमरेएवढं काळं पाणी तीन दिवस उभं राहिलं. नुकसान पाण्याने झालंय हे कंपनीला मान्य होतं. पण त्यांच्या सर्व्हेयरने लिहिलं, मोटरी पुन्हा गुंडाळून घ्या, दगड आणि ड्रम गरम पाण्याने आणि सोड्याने धुतले की वापरण्याजोगे. त्यामुळे दुरुस्तीचे पैसे मिळतील, नव्या ग्राइंडरचे नाहीत. ते सिद्ध करायला त्यांनी एक ग्राइंडर स्वतःच्या खर्चाने दुरुस्तसुद्धा करून दाखवला. दाखवायला पैसे असतात त्यांच्याकडे.

दावा मिटेपर्यंत दुकानातलं काही वापरायचं नाही, हलवायचं नाही, असं आम्ही अक्काला बजावलं होतं. ते आवश्यकच असतं. एक वस्तू जागची हलली की कंपनी म्हणते, बघा, धंदा चालू आहे. पण शटर बंद राहिलं की भाडं थांबत नाही. हाउस ओनर वरच्याच मजल्यावर राहायचा. त्याने सांगून टाकलं होतं, पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, दुकान उघडलं नाही तर जागा मोबाइलच्या कव्हरवाल्याला देणार, त्याने ॲडव्हान्सही आणून दाखवलाय. त्या गल्लीत अक्काचं गिऱ्हाईक होतं. ती गल्ली गेली की अक्काला दुसरीकडे कुणी ओळखत नव्हतं.

म्हणून मामांनी कामाला लागावं, कंपनीच्या माणसावर तुटून पडावं असं मला वाटत होतं. मामांनी काय केलं? कंपनीने नेमलेल्या माणसाला टिफिनला नेलं.

कंपनीने आपल्या बाजूने त्या सर्व्हेयरलाच नेमलं होतं. तो साधारण माझ्याच वयाचा, पेरुंगुडीला एका मोठ्या इमारतीत ऑफिस असलेला, हातातला टॅब खाली न ठेवणारा. मामा त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसले, पोंगल-वडा मागवला, आणि दुकानाबद्दल, ग्राइंडरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त तिसरा कोण, एवढंच. ही त्यांची पद्धत होती. म्हणायचे, भांडण सुरू व्हायच्या आधी पंच निवडायचा, कारण नंतर माणूस पंच निवडत नाही, साथीदार निवडतो. आणि दोघांनाही जो आवडतो असा तिसरा कधी घ्यायचा नाही. दोघांनाही ज्याची थोडी भीती वाटते असा घ्यायचा. त्या दिवशी दुसरी कॉफी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. पॉलिटेक्निकात यंत्रं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. टॅबवाला त्यांचाच विद्यार्थी निघाला, आणि पूर्वी एका प्रकरणात त्यांनी मामांचा रिपोर्ट परत लिहायला लावला होता. दोघेही सारखेच धास्तावलेले. मामा खूश होते.

दुसरी पद्धत मला जास्त झोंबली. संयुक्त पाहणीला निघताना मामा म्हणाले, आता टेबलावर मराठी नाही. मी म्हटलं, का? आपल्या दोघांत एवढा तरी फायदा असू दे. माझं तमिळ तेव्हा रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतंच होतं.

"त्यांना कळत नाहीं ते तिथं बोलायचं नाहीं," मामा म्हणाले. "बोललीस तर मी तमिळमध्ये सांगेन."

मला वाटलं, दम देताहेत.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी मामांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. कंपनीने दुरुस्त केलेला ग्राइंडर एक, आणि ओट्यावरचा एक. दोन्ही टॅबवाल्याच्याच रिपोर्टात लिहिलं होतं तसे, गरम पाण्याने आणि सोड्याने, त्याच्यादेखत धुतले. मग अक्काने दोन्हींत तांदूळ आणि उळुंदु, म्हणजे उडीद, वाटले. बऱ्याच दिवसांनी तो घरघर आवाज आला तेव्हा वरच्या गॅलरीत हाउस ओनर येऊन उभा राहिला. पीठ दोन वेगळ्या भांड्यांत काढलं, वर फडकं बांधलं, आंबायला ठेवलं आणि फडक्यांच्या गाठींवर मामा, टॅबवाला आणि पंच बाई अशा तिघांनी सह्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. टॅबवाल्याने विचारलं, लॅबला पाठवायचंय का? मामा म्हणाले, नाही, नाश्त्याला.

सकाळी अक्काने दोन्हींच्या इडल्या उकडल्या. दुकानात मधोमध टेबल टाकलं होतं. पंच बाई मधल्या खुर्चीत, एका बाजूला मामा आणि मी, दुसरीकडे टॅबवाला. अक्का दाराशी उभी. दोन ताटल्या आल्या, मधे चटणीचा वाडगा. दोन्हींतल्या इडल्या सारख्याच पांढऱ्या, सारख्याच फुगलेल्या. वासही सारखाच, चांगला. भिंतीवर मात्र कमरेच्या उंचीवर पाण्याची काळी रेघ तशीच होती, आणि प्रत्येकाची नजर इडलीवरून त्या रेघेवर जात होती.

मामांनी ओट्यावरच्या ग्राइंडरची ताटली स्वतःपुढे ओढली. त्यांचं काय चाललंय ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमचा दावा सातही ग्राइंडरचा होता. गटाराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या दुकानातलं काहीही खाण्यासाठी वापरू नये, ही आमची भूमिका होती, आणि ती मला आजही चुकीची वाटत नाही. हा म्हातारा आता ती सगळ्यांसमोर गिळणार होता. मी न राहवून मराठीत, खालच्या आवाजात म्हटलं, "मामा, खाऊ नका. दोन्ही नासलंय म्हणा."

मामांनी हात थांबवला. पंच बाईंकडे वळले आणि शांतपणे, शब्दाला शब्द लावून, तमिळमध्ये सांगितलं, की माझ्या बाजूची मुलगी म्हणते आहे खाऊ नका, दोन्ही नासलंय म्हणा.

टॅबवाला हसला. पंच बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला नीट पाहून घेतलं आणि मामांना म्हणाल्या, पुढे.

मामांनी चटणी घेतली आणि दोन इडल्या खाल्ल्या. सावकाश, वर पाणी पिऊन. मग म्हणाले, "हे चांगलं आहे. पाणी ओट्यापर्यंत गेलेलं नाहीं. वरचे दोन यादीतून काढा."

दाराशी अक्का एकच शब्द बोलली, "अय्यो." मोठ्याने नाही. मामांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी टेबलाखाली त्यांच्या पायाला पाय मारला. ते मात्र त्यांनी तमिळमध्ये सांगितलं नाही. टॅबवाला भराभरा टाइप करत होता. दोन ग्राइंडर फुकट सुटले म्हणून त्याचा चेहरा उजळला होता.

मग मामांनी दुसरी ताटली उचलली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"ही तुमची, सार. तुमच्या दुरुस्तीची."

टॅबवाला म्हणाला, मी नाश्ता करून आलोय.

"अर्धी," मामा म्हणाले.

त्याने इडलीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. ही काही तपासणीची पद्धत नाही, असं काहीतरी इंग्रजीत म्हणाला. पंच बाईंनी विचारलं, तुझ्या रिपोर्टात 'वापरण्याजोगे' लिहिलंयस ना? तो म्हणाला, हो मॅडम, तांत्रिकदृष्ट्या. बाई म्हणाल्या, तांत्रिकदृष्ट्या हे यंत्र इडलीचं पीठ करतं, ते कुणीतरी खातं. तू खाणार आहेस की नाही?

त्याने ताटली बोटाने जरा दूर सारली. तेव्हा बाईंनी मामांना विचारलं, तुम्ही?

"मी नाहीं खाणार," मामा म्हणाले. "दगडाच्या आत काय बसलंय ते मला माहीत नाहीं, ह्यांनाही माहीत नाहीं. मी जे खात नाहीं ते ही बाई शेजाऱ्यांना कशी विकेल?"

पंच बाईंनी ती ताटली स्वतःपुढे ओढली, एक इडली मोडली, नाकाशी नेली आणि परत ठेवली. मग त्यांनी टॅबवाल्याला सांगितलं, लिही, खालचे पाच निकामी, नव्याची किंमत. त्याने मान खाली घालून लिहिलं. त्याने समोरच्याला दोन ग्राइंडर सोडताना पाहिलं होतं, आता पाचांसाठी आडवं पडायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. तिघांच्याही सह्या झाल्या. मामांनी हात धुतले आणि मला म्हणाले, "चल. जाऊन येतों, अक्का."

मांबलम स्टेशनपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. सगळा रस्ताभर मीच बोलत होते. पाच मिळाले ते ठीक, पण दोन तुम्ही हातचे घालवलेत, त्या बाईला पैशाची गरज आहे, तुम्ही तिच्या पैशाने साधू झालात. मामा रंगनाथन स्ट्रीटच्या बाजूच्या जिन्यावर दम घ्यायला थांबले. म्हणाले, ते दोन चांगले होते, मी चांगले सांगितले. मी म्हटलं, बस? ते म्हणाले, बस. आणि गाडी आली.

निकाल लागला तरी पैसे आले नाहीत. का नाही आले, हे कंपनीला विचारलं की एक खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवायचं. भंगार उचलायला मात्र त्यांना अजिबात वेळ लागला नाही. ज्या वस्तूचे पूर्ण पैसे कंपनी देते ती वस्तू कंपनीची होते, हा नियम. त्यामुळे चौथ्याच दिवशी टेम्पो आला. हमालांनी जमिनीवरचे पाचही ग्राइंडर, दुरुस्त केलेला धरून, उचलले. मग ते ओट्याकडे वळले. त्यांच्याबरोबरच्या माणसाने कागद पाहिला आणि त्यांना थांबवलं. हे दोन आपले नाहीत, म्हणाला.

मी तिथेच होते. टेम्पो गल्लीतून बाहेर पडला. दुकान एकदम रिकामं, फरशीवर पाच गोल डाग, आणि मागे ओट्यावर ते दोन, कुणाच्याच यादीत नसलेले. अक्का त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, आता हे वापरले तर चालतील ना? दावा मिटला ना? मी म्हटलं, मिटला. सातही निकामी लिहून घेतले असते तर ते दोनही आत्ता टेम्पोत असते, आणि पैसे येईपर्यंत अक्काच्या हातात फक्त शटरची किल्ली उरली असती. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. अक्कालाही नाही. ती आत गेली आणि तिने तांदूळ भिजत घातले.

मी मामांना फोन करून विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? म्हणून काढलेत ना वरचे दोन? म्हणाले, नियम अस्की मला ठाऊक आहेत, त्याच्यासाठी नाहीं काढले, चांगले होते म्हणून काढले. मी म्हटलं, कबूल करा की. ते म्हणाले, झोपायची वेळ झाली.

हल्ली मामा मुलाकडे कोइमतूरला असतात, काम बंद केलंय. आमच्याकडे तशी पाहणी करणारा दुसरा माणूस अजून मिळालेला नाही, आणि कंपन्या होत्या तशाच आहेत. अक्काचे पैसे पोंगल होऊन बऱ्याच दिवसांनी, दोन मोर्चे आणि पत्रकाची नवी आवृत्ती झाल्यावर आले. ते मामांचं श्रेय नाही, ते आमचं.

पण दुकान उघडायचं पोंगलपर्यंत थांबलं नाही. त्या वर्षी भोगीच्या सकाळी गल्लीत लोक जुनं सामान जाळत होते, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि अक्काचं शटर वर होतं. दोन ग्राइंडरवर सात ग्राइंडरचं गिऱ्हाईक भागत नव्हतं, म्हणून रांग रस्त्यापर्यंत आली होती. मामा रांगेत होते, हातात घरचा डबा. त्यांच्या मागे हाउस ओनर येऊन उभा राहिला, त्याच्याही हातात भांडं. त्याने आत डोकावून पाहिलं आणि मामांना विचारलं, नवीन घेतले वाटतं?

"जुनेच आहेत," मामा म्हणाले. "मी खाल्लंय त्यावरचं."

हाउस ओनरने थोडा विचार केला, आणि मामांचा नंबर झाल्यावर आपलं भांडं पुढे केलं.